स्टीलच्या गिलासातली स्कॉच

काल नातवानं स्कॉच उघडली. तो धुरकट वास आला आणि मला महाल वस्तीतल्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. नणंदेचे यजमान सावनेरहून स्कॉच आणि आयरिश, दोन्ही व्हिस्की घेऊन आले होते. पलीकडच्या खोलीत सासूबाई. त्यांना कळू नये म्हणून मी दोन्ही स्टीलच्या गिलासांत ओतल्या, आणि कोणती कशात तेच विसरले! चवीच्या बढाया मारणारे आमचे हे अन् नणंदेचे यजमान, दोघांनाही चाखून ओळखता येईना. मग मीच हुंगलं.

“हिले चुलीचा धूर लागला, ही स्कॉच. ती गोडसर, ती आयरिश.”

पलीकडून सासूबाई म्हणाल्या, “मंग ती गोडवाली आण वं थोडी. दाढ ठणकून राहिली.”

मी घाबरून धावत नेऊन दिली. त्यांना तर पूर्ण कवळी होती, हे माझ्या काल लक्षात आलं.