जीपला लावलेली सोंड

"पह्यले पाय, मंग चाक."

वाटेत पाणी आडवं आलं की भाऊ एवढंच म्हणायचे आणि जीप उभी करायचे. पाणी घोट्याएवढं असो की गुडघ्याएवढं. चपला सीटखाली सरकवायच्या, खाकी पँट मांडीपर्यंत गुंडाळायची, बाभळीची काठी घ्यायची आणि पाण्यात शिरायचं. बगळ्यासारखं एकेक पाऊल टाकत ते पलीकडे जायचे आणि त्याच वाटेनं परत यायचे. गाडीतली माणसं तोवर घड्याळ बघत बसायची. भाऊंना घाई करणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांनी घाई केलेली मात्र कधी पाहिली नाही.

मी तेव्हा मेहकर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात कंपाउंडर होतो आणि भाऊ आमच्या जीपचे ड्रायव्हर होते. महाराष्ट्र नवा नवा होता. जीपच्या दारावरचं जुन्या राज्याचं नाव खरवडून त्यावर नवं रंगवलं होतं, पण उन्हात बघितलं की खालची अक्षरंही दिसायची. भाऊ मोताळ्याकडचे. महायुद्धात फौजेत ट्रक आणि जीप चालवून आलेले. उंची बेताची, मिशा पिकलेल्या, आवाज इतका हळू की समोरच्याला कान पुढे करावा लागे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती असताना कोणाच्या नजरेत भरत नाहीत, आणि नसली की सगळं अडतं.

आमच्या केंद्राच्या पलीकडे चार कोसांवर एक गाव होतं. मधे नाला आणि त्यावर रपटा, म्हणजे पाण्यालगत बांधलेली दगडी फरशी. पूर आला की पाणी रपट्यावरूनच जायचं. एका श्रावणात त्या गावातली एक बाळंतीण अडली. आम्ही निघालो. रपट्यावर मांडीभर पाणी होतं. भाऊ उतरले, आत गेले, परत आले आणि म्हणाले, "नाई जात गाडी." इंजिनात पाणी शिरून जीप मधेच बंद पडली असती, हे डॉक्टरांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर आम्ही पोचलो, तेव्हा घरापुढे माणसं जमलेली होती. डॉक्टरांनी बॅग उघडलीच नाही.

आमचे डॉक्टर पुण्याचे, नुकतेच पास झालेले. वयानं तरुण आणि मनानं फार सरळ. ती बाई त्यांच्या मनातून जाईना. एके दिवशी ते एक मासिक घेऊन आले. त्यात फौजेच्या जीपचं चित्र होतं. बॉनेटच्या बाजूनं एक नळी निघून काचेच्याही वर गेलेली.

"ड्रायव्हर, हे बघा. इंजिनाला हवा वरून मिळाली तर पाण्यातून गाडी जाते. आपण लावू या."

भाऊंनी चित्राकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "सरकारी गाडीले भोक पाडाचं, साहेब?"

"परवानगीचं मी बघतो."

"तुमी बघान. पन मले पाइप नाई लावाचा."

"का पण?"

"नाई लावाचा, साहेब." एवढं बोलून ते टायरची हवा बघायला गेले.

डॉक्टर चिडले. संध्याकाळी मला म्हणाले, "माणूस घाबरट आहे हो." मलाही तसंच वाटलं, हे आज लपवत नाही. दुसऱ्या दिवशी मी भाऊंना टोमणाही मारला. "काऊन भाऊ, फौजेत काय नुसती भाजीच वाहात होते?"

ते रागावले नाहीत. ऑइलनं माखलेले हात पुसत म्हणाले, "कंपोंडर, म्या सोता लावेल हाय असा पाइप. बर्माच्या जंगलात. येक न्हाई, धा गाड्यायले लावला. माह्या पुढच्या गाडीत माहा दोस्त होता. नदी जोरात होती. पन पाइप हाय ना, म्हून तो गेला. गाडी तिरपी झाली, चाकं उचलली आन वाहून चालली. इंजिन बंद पडलं नाई. पार वळणाआड जाईपर्यंत आवाज येऊन राह्यला होता, फट फट फट."

त्यांनी फडकं बॉनेटवर टाकलं.

"पाइप इंजिनाले वाचवते," भाऊ म्हणाले. "पान्याचा जोर काही कमी करत नाई. पन मानसाले वाटते, आता काय, पाइप हाय."

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते विचारात पडले, पण म्हणाले, "मग बायकांनी असंच मरायचं का?" महिनाभर केंद्रात हा एकच वाद चालला. डॉक्टर बोलून वाद घालत आणि भाऊ न बोलता.

वाद मिटला तो तिसऱ्याच माणसामुळे. त्या मेलेल्या बाईचा नवरा तापाचं औषध न्यायला आला होता. औषध घेतल्यावर तो जीपजवळ गेला. भाऊ पाना घेऊन बॉनेटमधे वाकलेले होते. तो म्हणाला, "भाऊ, तुमी मनाले लावून घेऊ नोका. तुमचा काही दोष नाई. गाडीच जात नोती, त्याले कोन काय करन?"

भाऊ वाकले होते तसेच राहिले. तो माणूस निघून गेला तरी त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते जानेफळच्या एका लोहाराकडून लोखंडी नळ घेऊन आले. डॉक्टरांना म्हणाले, "लावतो, साहेब. पन माही येक शर्त हाय. पाइप लावल्यावर गाडी पान्यात घालाची का नाई, ते म्या सांगीन. तुमी न्हाई."

"कबूल," डॉक्टर म्हणाले.

आठ दिवस ते काम चाललं. बॉनेटच्या कडेला भोक पडलं. नळाचे सांधे ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या रबरानं आवळले. धुराचा नळही मागून वर नेला. ठिणगीच्या वायरी जिथं जोडतात ती डबी मेण आणि ग्रीस लावून बंद केली. कारण पेट्रोलच्या गाडीत हवा वरून आली तरी ठिणगी भिजली की खेळ संपतो, असं भाऊ मला समजावत होते. गावातली माणसं येऊन बघून जायची. कोणीतरी म्हणालं, "हे तं गनपती झाला." तेव्हापासून त्या नळीचं नाव सोंड पडलं. लहान मुलं जीप आली की हात जोडायची. भाऊंना हसू यायचं, पण ते मिशीतच राहायचं.

दुसऱ्या वर्षीच्या भाद्रपदात, दुपारी बाराच्या सुमाराला, त्याच गावातून सांगावा आला. एक माणूस नाला ओलांडून, धापा टाकत आला होता. त्याची बहीण माहेरपणाला आलेली, दोन दिवस कळा देत होती. मुलाचा हात बाहेर आला होता. डॉक्टरांनी बॅग उचलली. आम्ही तिघं आणि तो माणूस, असे चौघं निघालो.

रपट्यावर पाणी गुडघ्याच्या जरा वर असेल. गेल्या खेपेपेक्षा कमीच. डॉक्टरांना हायसं वाटलं. भाऊ उतरले, काठी घेऊन आत गेले. पाच-सहा पावलं टाकली आणि उभे राहिले. मान खाली घालून ते कितीतरी वेळ तसेच उभे होते. मग उलटे फिरले.

"नाई जमत."

"काय?" डॉक्टर ओरडलेच. "गुडघाभर पाणी आहे! सोंड कशाला लावली मग?"

"खालून गोटे लोटून राह्यले, साहेब. आवाज येते. पायाखालची फरशी हालते."

"अहो, हा माणूस आत्ता चालत आला ना इथून!"

बाईचा भाऊ हात जोडून म्हणाला, "म्या आलो ना हो, पार येच्यावरूनच आलो. चाला ना."

"तू येकटा आला. मी तीन मानसं आन हजार किलोची गाडी घेऊन जाऊन राह्यलो."

डॉक्टर खाली उतरले. "गेल्या वर्षी तुम्ही हेच म्हणाला होतात, ड्रायव्हर. आठवतंय ना काय झालं ते?"

मला वाटलं, हे बोलायला नको होतं. भाऊंनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग ते स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी जीप मागे फिरवली. बाईचा भाऊ रडायला लागला. डॉक्टर दाणकन येऊन बसले. परत निघालो असंच आम्ही समजलो.

पण अर्ध्या कोसावर भाऊंनी जीप डावीकडे, गाडवाटेला घातली. ती वाट तळ्याच्या मागच्या अंगानं त्याच गावाला जायची, पण पावसाळ्यात तळ्याच्या फुगवट्याखाली बुडायची. कोणी तिकडे फिरकत नसे. आम्ही पोचलो तेव्हा समोर नुसतं पाणी होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी पाण्यात उभ्या दिसत होत्या, त्यावरून वाट कळायची.

"हे पानी खोल हाय," भाऊ म्हणाले, "पन उभं हाय. हे वाहात नाई. सोंड येच्यासाठी लावली, साहेब."

त्यांनी कमरेला दोर बांधला आणि टोक माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, "भाऊ, मी जातो. मी विहिरीत पोहून वाढलो."

"गाडी माह्या हातात हाय. वाट माह्याच पायाले कळली पाह्यजे. तू फकस्त दोर सोडू नोको."

ते गेले. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. मधे एकदा त्यांचा खांदा बुडाला आणि मी दोर ताणला. ते थांबले, काठीनं चाचपलं आणि बाभळीच्या बाजूला दोन हात सरकून पुढे गेले. दोर संपला तेव्हा मी टोक धरून पाण्यात उतरलो. पलीकडच्या मुरमावर ते उभे राहिले, तेव्हा मला माझाच श्वास ऐकू आला. मग ते गेले त्याच वाटेनं परत आले.

बॉनेट उघडून त्यांनी पंख्याचा पट्टा काढून ठेवला, म्हणजे पंखा आत पाणी उडवणार नाही. "बॅग डोक्यावर धर, कंपोंडर. कोनी बोलू नोका. मले आवाज ऐकाचा हाय."

जीप पाण्यात शिरली. पाणी पायापाशी आलं, सीटवर आलं, मग मांडीवर. बॉनेट दिसेनासं झालं. समोर नुसती सोंड आणि तिच्या तोंडून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा सूं सूं आवाज. भाऊंचा एक पाय बुडालेल्या पेडलवर जराही न हलता दाबलेला होता. मधोमध इंजिन अडखळलं. एकदा, दोनदा. डॉक्टरांनी माझं मनगट पकडलं. भाऊंनी ना वेग वाढवला ना कमी केला. इंजिन पुन्हा सुरळीत चालू लागलं. मग पुढची चाकं वर चढली आणि बॉनेटवरून पाणी दोन्ही बाजूंना ओघळलं.

डॉक्टर तीन तास त्या घरात होते. मी पाणी तापवून देत होतो, हत्यारं उकळून देत होतो. भाऊ दाराबाहेर ओटीवर बसून होते. मुलगी जन्मली तेव्हा निळी होती आणि बराच वेळ रडली नाही. रडली तेव्हा आतल्या बायकांच्या आधी बाहेरून भाऊंचाच आवाज आला, "हाव, रडली!" दोघीही वाचल्या.

मुक्काम तिथंच केला. सकाळी पाणी उतरलं होतं, म्हणून सरळ वाटेनं परत निघालो. रपट्याशी येऊन भाऊंनी जीप थांबवली. रपट्याच्या मधोमध सात-आठ हात फरशी नव्हतीच. खाली नुसता खड्डा, आणि त्यात गढूळ पाणी फिरत होतं. काल पाण्याखाली ती फरशी केव्हा वाहून गेली, कोणाला ठाऊक. डॉक्टर त्या खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "भाऊ, तळ्याच्या वाटेनं चला." तोवर ते त्यांना ड्रायव्हर म्हणायचे.

तीन वर्षांनी भाऊ निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सकाळी बघतो तर ते पाना घेऊन सोंड काढत होते. भोकावर पत्रा ठोकायची तयारी करून ठेवलेली. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, राहू द्या ना. नव्या माणसाला उपयोगी पडेल."

"पडन ना, साहेब. पन तो हिच्या भरवशावर पान्यात जाईन. सोंड मी ठेवून जाईन, माह्यं भेव त्याले कसं देऊ?"

डॉक्टरांनी पुन्हा आग्रह केला नाही. पत्रा मीच धरला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत पत्र आलं, भाऊ गेल्याचं. साधा ताप आला होता म्हणे. डॉक्टर आणि मी मोताळ्याला उतरून त्यांच्या गावी गेलो. वहिनींना आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. त्यांनी चहा दिला आणि समोर बसल्या. डॉक्टर त्या तळ्याची हकिकत सांगू लागले. भाऊ छातीभर पाण्यातून कसे गेले, कसे परत आले, सगळं. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. डॉक्टरांचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "काय सांगता? त्यायले तं पोहता येत नोतं. फौजेत भरती होतानी खोटं सांगतलं होतं, येते म्हून."

डॉक्टरांचा कप हातातच राहिला. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून वहिनींनी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.