साडभाऊंची अकरा नावं

साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघाला न भिणारी माणसं पुष्कळ सापडतील, पण आपलं नाव कोणी पळवील म्हणून जीव मुठीत धरून बसलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा! मोहर्लीत साडभाऊंच्या चार खोल्या आहेत. ताडोबा पाहायला आलेले पाहुणे तिथे उतरतात. खोल्या चार, खाटा आठ आणि इंटरनेटवर घेतलेली नावं अकरा. डॉट कॉम आहे, डॉट इन आहे, 'मोहर्लीत मुक्काम' आहे, 'वाघाच्या शेजारी' आहे. कोणतंही नाव दाबा, उघडतं तेच एक पान, ज्याच्यावर साडभाऊ नवा शर्ट घालून, फाशीची शिक्षा ऐकल्यासारखे ताठ बसलेत.

"एवढ्याशा घराले अकरा दारं काऊन हो, साडभाऊ?" मी एकदा वैतागून विचारलं. ते मूळचे आमच्या ब्रह्मपुरीकडचे, धानाच्या पट्ट्यातले, त्यामुळे उत्तरही शेतातूनच आलं. "मास्तर, धुऱ्यावर तूर काऊन लावते मानूस? तुरीच्या दाळीसाठी? अरे, दोन शेतांमधला धुरा रिकामा दिसला का शेजारी दर साली नांगरानं वीतभर कोरते. तूर उभी असली का त्याले लाज वाटते." शिवाय त्यांना चटका बसलेलाच होता. कोण्या शहरी मालकानं त्यांच्याच नावापुढे 'रिसॉर्ट' जोडून पलीकडे मोठं हॉटेल काढलं आणि साडभाऊंकडे येणारं एक अख्खं कुटुंब तिकडे उतरून, जेवून, ढेकर देऊन मोकळं झालं. इकडे ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, नऊ माणसांचा स्वयंपाक मांडून वाट पाहत राहिली. दोन दिवस घरात फोडणीचा भात चालला होता.

तेव्हापासून या माणसाला नाद लागला तो लागलाच. माझ्या मुलीच्या लग्नात लोकांनी आहेरात पातेली दिली, साड्या दिल्या. यांनी एक पाकीट दिलं. आत चिठ्ठी: 'नवरानवरीच्या जोडनावाची वेबसाइट राखून ठेवली आहे. दर साली मुदत वाढवत जावी.' विहीणबाई ती चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहत होत्या. साडभाऊंच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कोळशानं तारखाच तारखा, कोणत्या नावाची मुदत कधी संपते त्याच्या. सिलिंडर कधी लावला हे लिहायला ताईला बोटभर जागा ठेवली नाही. गावात नेटवर्क धड नाही, म्हणून हे पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर चढून, हात उंच करून नावं विकत घेणार. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा योगासनं करून राह्यला.

या अकरातलं एक नाव होतं 'सुमनबाईचा रस्सा'. सुमनबाई शेजारच्याच, तळ्यातले मासे धरणाऱ्या घरातल्या. त्यांच्या हातच्या मरळीच्या रश्शाची चव अशी, की वाघ न दिसलेला पाहुणाही हसत घरी जायचा. रस्सा त्या आपल्या चुलीवर करायच्या आणि पातेलं साडभाऊंच्या घरी यायचं. नाव जगभर झालं होतं, म्हणून साडभाऊंनी तेही राखलं. मग गेल्या हंगामाच्या आधी सुमनबाईंनी स्वतःचं टिनाचं शेड टाकलं, सहा खुर्च्या आणल्या, आणि वेबसाइट काढायला चंद्रपूरला गेल्या. तिथला संगणकवाला म्हणाला, बाई, हे नाव कोणीतरी आधीच घेतलंय, दाबलं की मोहर्लीतल्या चार खोल्यांचं पान उघडतं.

त्या परत आल्या तेव्हा मी साडभाऊंच्या ओसरीत त्यांच्यासोबत चहा पीत होतो. "भाऊ, माह्या नावावर कोन बसलं हो?"

साडभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "कोनी नाई बाई, मीच. तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं. बाहेरच्यानं नेलं असतं तं?"

"मंग दार तुमच्या घरात काऊन उघडते?"

बाई भांडल्या नाहीत. सरळ विचारलं आणि उभ्या राहिल्या. साडभाऊंनी बशी खाली ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नांगराकडे डोळे वटारून पाहणाऱ्या माणसाला आपलाच नांगर कुठे फिरला ते त्या क्षणी दिसलं असावं. आणि खरं सांगायचं तर निम्मे पाहुणे त्यांच्याकडे त्या रश्शासाठीच यायचे. नाव गेलं की पाहुणे गेले, हे मला कळत होतं, ओसरीच्या दारात उभ्या ताईला कळत होतं. मी मनात म्हटलं, आता हा माणूस काहीतरी सबब काढणार. ते उठले, चपला न घालताच टाकीकडे गेले आणि भर उन्हात तासभर फोन हवेत धरून उभे राहिले. खाली उतरले तेव्हा नाव सुमनबाईंचं झालं होतं. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला, पण तोंडावर बोललो नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

परवा गेलो होतो. चारातल्या दोन खोल्यांना कुलूप होतं. पलीकडे सुमनबाईंच्या शेडबाहेर गाड्या लागलेल्या, माणसं हात धुवायला रांगेत. साडभाऊ टाकीच्या चौथऱ्यावर बसलेले दिसले. म्हटलं, आणखी कोणतं नाव घेऊन राह्यले? त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "घेत नाई रे. रोज एकदा तिचं नाव दाबून पाहतो." पान हळूहळू उघडत होतं. "मले बिनचष्म्याचं दिसत नाई. तू पाय बरं, तिच्याच घरात उघडलं ना?"