उसनं विरजण

वर्गात तिला सगळे काकू म्हणत. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हटलं आणि ते चिकटलं. वयानं ती त्यांच्या आयांच्या बरोबरीची, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पंचाईत व्हायची ती सरांची. सर तिच्याहून लहान. पोरांना ते ‘ए लंबू’, ‘ए चष्मा’ असं हाकारायचे. तिच्यापाशी आले की नुसतं ‘अहो’ म्हणून घसा खाकरायचे.

लग्न ठरलं तेव्हा तिचं पदवीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. नंतर करू म्हणता म्हणता मुलगी झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, पुढे त्या गेल्या, मुलगी शिकायला परगावी गेली. एका दुपारी भांडी पुसताना तिच्या लक्षात आलं, की आता घरात कुणालाच तिची घाई नाही. तिनं पुन्हा कॉलेजात नाव घातलं. नवरा म्हणाला, “कर की. तेवढाच तुझा वेळ जाईल.” वाईट काही बोलला नव्हता, तरी ते वाक्य दिवसभर तिच्या डोक्यातून गेलं नाही.

सेंद्रिय रसायनाच्या प्रॅक्टिकलला एका टेबलावर दोघांनी उभं राहायचं असे. जोड्या लागल्या आणि ती एकटी उरली.

“काकूंना काय, त्यांना सवय आहे ओट्यापाशी एकटीनं उभं राहायची,” लंबू म्हणाला. “फक्त काकू, इथं चव घेऊन बघायची नाही हं!”

सगळे हसले. तीही हसली. मग बेसिनजवळच्या टोकाच्या टेबलावर तिनं आपलं सामान मांडलं, आणि वर्षभर तिथंच राहिली. शेजारच्या टेबलावर चष्मा आणि तिची मैत्रीण. त्यांचं सिनेमापासून आईच्या कटकटीपर्यंत अखंड चालायचं. ते तिच्या कानावर पडायचं, तेवढीच सोबत.

आधीची दोन प्रॅक्टिकलं तिची फसली होती. एकदा पदार्थ करपून तपकिरी झाला. दुसऱ्यांदा गाळलेला माल फिल्टर पेपरासकट बेसिनमध्ये गेला. घरी तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आजचं शेवटचं. सरांनी घसा खाकरून स्पष्ट सांगितलं होतं, “अहो, आज नमुन्याची बाटली रिकामी गेली तर मला तुम्हाला परीक्षेला बसवता येणार नाही.”

काम तसं सोपं होतं. मळकट पांढरी भुकटी उकळत्या पाण्यात विरघळवायची, गरम असतानाच गाळायची आणि गार होऊ द्यायची. मळ पाण्यात राहतो, स्वच्छ स्फटिक खाली बसतात. अट एकच : पाणी जेमतेम घालायचं.

जेमतेम! संसारात पडल्यापासून तिच्या हातानं कुठल्याच पातेल्यात जेमतेम पाणी घातलं नव्हतं. ऐनवेळी कुणी आलं तर? भुकटी विरघळल्यासारखी दिसली तरी तिनं थोडं ओतलं, आणि मग असू दे म्हणून आणखी थोडं.

बाकीच्यांच्या फ्लास्कमध्ये स्फटिक पडायला लागले. लंबू उगाच ओरडला, “बर्फ पडला, बर्फ पडला!” तिच्या फ्लास्कमध्ये नुसतं पाणी.

“काकू, नाही पडले?” चष्मा डोकावली. “माझ्यातला एक कण टाकून बघता? बी म्हणून. एक पडला की त्याला धरून बाकीचे येतात.”

“नको गं. माझं मी बघते.”

तोंडातून आपसूक निघून गेलं. शेजारणींनाही ती असंच म्हणायची. सासूबाईंच्या आजारपणात तर दार उघडायच्या आधीच. कुणाकडे काही मागितलं नाही, याचा तिला थोडा अभिमानही होता. चष्मानं खांदे उडवले आणि आपल्या कामाला लागली.

सर येऊन फ्लास्क उजेडाकडे धरून बघून गेले. “अहो, पाणी फार झालंय. आटवा.”

ती आटवत बसली. एकेक जण आपल्या बाटलीवर चिठ्ठी डकवून सरांच्या ट्रेमध्ये ठेवून निघाला. ट्रे घेऊन सरही वर गेले. “मी ऑफिसात आहे. झालं की आणून द्या. पण पाचला कुलूप लागतं हं.”

बर्नर बंद केला तेव्हा प्रयोगशाळेत ती एकटीच होती. फ्लास्क बर्फात ठेवला. काचेची कांडी आतून घासून पाहिली. अंगावर शहारे येतील असा आवाज झाला, स्फटिक नाही. पाणी असं नितळ, की तहान लागावी. सगळं यातच आहे, तिला कळत होतं. फक्त सुरुवात करायला काहीतरी हवं होतं. तापवलेलं दूध रात्रभर ठेवलं तरी विरजणाशिवाय त्याचं दही होत नाही, तसं. आणि तिच्या घरात विरजण कधी संपलं नव्हतं.

ती उठली. अंगात ॲप्रन, प्रयोगशाळेचा गॉगल कपाळावर, तशीच जिने उतरून खाली गेली. सायकलींच्या शेडमागच्या कठड्यावर सगळी पोरं कागदी कपांतून चहा पीत बसली होती. तिला पाहून हसणं थांबलं.

“काकू, आग लागली का?” लंबू म्हणाला.

“नाही रे.” तिनं चष्माकडे पाहिलं. “मला... तुझ्यातला एक कण देशील? बी म्हणून.”

“अहो, माझी बाटली तर जमा केली,” चष्मा म्हणाली. मग एकदम कप कठड्यावर ठेवून उठली. “थांबा, फिल्टर पेपर! त्याला चिकटले असतील. चला चला.”

कचऱ्याच्या डब्यात ओल्या कागदांचा ढीग होता. चष्मानं वरचे दोन बाजूला सारून एक उचलला. “हाच माझा. बघा कसा वाकडा कापलाय. आई म्हणते, तुला धड पोळीसुद्धा... जाऊ दे.” कागदावर एक चकचकीत पापुद्रा होता. चमच्याच्या टोकावर उचलून तिनं तो फ्लास्कमध्ये सोडला.

दोघी वाकून बघत राहिल्या. क्षणभर काहीच नाही. मग त्या कणापासून एक पांढरी पिसाची काडी फुटली, तिला दुसरी, आणि बघता बघता फ्लास्क भरून गेला.

“आले!” चष्मानं तिचं कोपर घट्ट धरलं. असं कोपर कुणी कित्येक दिवसांत धरलं नव्हतं.

“तेव्हाच का नाही हो म्हणालात काकू? मी देतच होते की.”

“सवय नाही गं.”

“आता पुढच्या वेळी आपण तिघी मिळून...” चष्मा मध्येच थांबली. पुढची वेळ नव्हती. “म्हणजे, परीक्षेला भेटूच.”

“हो, भेटू.”

परीक्षेला प्रत्येकाचं टेबल वेगळं असतं. खालून लंबूची हाक आली, “ए चष्मा, बस आली!” आणि ती धडधड जिना उतरून गेली.

तिनं गाळलं, सुकवलं, बाटलीत भरलं. सरांनी बाटली हलवून पाहिली. “कमी आहे. पण स्वच्छ आहे. अहो, बसा परीक्षेला.”

जाताना ती शेडमागून गेली. कठड्यावर कप तसेच पडले होते. त्यातला एक अर्धा भरलेला, गार, वर साय धरलेली. तिनं तो झाडाच्या बुंध्याशी ओतला, सगळे कप एकात एक घातले, डब्यात टाकले आणि फाटकाकडे निघाली.