नेकनूर ते गेवराई, आत्याच्या मिसरीसंगं

आधीच कबूल करतो. आईच्या मसाल्याच्या डब्यातली मूठभर मिरी अन् लवंगा कुटून आत्याच्या मिसरीत मीच कालवल्या. काळ्यात काळं, कुणाला दिसतंय? वाटंत आत्या दात घासंल, बोंबलंल, मी हसंन, येवढाच बेत व्हता.

जायचं कारण मातर लई मोठं. गेवराईचे तात्या, चांगले बागायतदार, माझ्या बहिणीला, सगुणाला, पोरासाठी बघून गेलते. "घरात इचारून कळवतो" म्हणले अन् महिना झाला तरी जबाब न्हाई. आधीची दोन स्थळंबी अशीच गप झालती. सगुणा हसायचीच बंद झालती. म्हणून माझ्या बापानं, आबांनी, जबाब आणायला आत्याला धाडलं, अन् गाडी हाकायला मला.

कोंबडा आरवायला निघालो. बीडपस्तोर वाट खडकाळ, कुणाला जायचं असंल तर वंगणाचं नळकांडं संगं ठेवा. मी दोनदा चाकांना वंगण घातलं. दुपारी वढ्याकाठी धपाटे अन् ठेचा खाल्ला. मी आत्याच्या डबीकडं बघत बसलो, पण ती म्हणली, "रस्त्यावर का दात घासीत बसू? पाव्हण्याच्या घरी गेल्यावर बघू."

बीडच्या नाक्यावर मिशाळ शिपाई. एक डोळा बारीक, तोंड वाकडं. "ए, इकडं ये बे!" म्हणला. मला वाटलं, ह्याला डबीतलं कसं कळलं? हात जोडणार तेवढ्यात म्हणला, "डोळ्यात कुसळ गेलंय. फुंकर मार." मारली. निघालं कुसळ. गडी असा गोड हसला की गाडी न तपासताच सोडली. निजामाच्या एका हाली पैशात वंजळभर फुटाणे घेतले अन् धर्मशाळेत पडलो.

दुसऱ्या दिशी चाकांना परत वंगण घालून निघालो अन् पाडळशिंगीच्या हिरीवर थांबलो. पाणी लई गोड, नक्की प्या. पाणी भरणाऱ्या पोरी माझ्याकडं बघून हसाय लागल्या. मी फेटा नीट केला, छाती काढली. त्या अजून हसल्या. मी मिशीला पीळ दिला.

"आरं मुडद्या," आत्या म्हणली, "समद्या थोबाडाला वंगण लागलंय तुझ्या!"

गेवराईत तात्यांनी गूळ-पाणी दिलं. त्यांच्या घरी रीत अशी की त्यांची बायको, काकू, पाव्हण्यांपुढं बोलत न्हाईत, सैपाकघराच्या दारात पदर घेऊन उभ्या ऱ्हातात. तात्या त्यांच्या तोंडाकडं बघतात अन् काय ते सांगतात. आत्यानं सगुणाचं नाव काढलं. काकूंचं तोंड कारलं खाल्ल्यावानी झालं. तात्यांनी ते बघितलं अन् मान खाली घातली. मला घरी वाट बघणारी सगुणा दिसाय लागली.

आत्या हार मानणारी न्हाई. उठून दारात गेली अन् डबी उघडली. "वैनी, जरा मिसरी लावा, मग बोलू."

मला वरडायचं व्हतं, पण तवर काकूंचं बोट डबीत गेलतं.

काकूंनी बोटभर मिसरी दाताला घासली. तोंड लालभडक झालं, डोळ्यातनं धारा लागल्या. तात्या ताडकन उठले. "आयला! लग्नापासून हिला रडताना बघितलं न्हाई! पोरीची माया आली हिला. ठरलं! साखर आणा!"

काकू दोन्ही हात हालवाय लागल्या. "बघा, हात जोडतीय!" तात्या म्हणले. मी गुपचूप बैलं जुपाय उठलो.

"आवं, थांबा!" काकू तोंडातलं थुकून वरडल्या. रीत गेली चुलीत. "महिना झाला दाढ ठणकतीय, तोंड उघडंना माझं. ह्या मिसरीनं आत्ता गप बसली! पोरगी मला कवाच पसंत हाय. तुमीच माझं थोबाड बघून गप बसले!"

"मग बोलायचं न्हाई का गं?"

"इचारलं का तुमी? नुसतं बघता!"

येताना आत्या वाटभर गाणी म्हणत व्हती. घरी आल्यावर वंगणाची गोष्ट सांगितली तवा सगुणा खदाखदा हसली. दोन दिसाची धूळ तिथंच उतरली.

आता सगुणा गेवराईला नांदती. सासू तिच्यावर जीव टाकती, अन् दर खेपेला आत्याच्या हातची मिसरी मागती. आत्या छाती फुगवून मिसरी भाजती. ती झोपली की मी मूठ कालवतो. आई मसाल्याचा डबा उघडून माझ्याकडं बघती, ती चिडलीय का हसतीय काय कळत न्हाई. मी तोंडं वाचायचं सोडलंय.

पाया पडतो तुमच्या, कुणाला सांगू नका. आत्याला तर मुळीच न्हाई. काकूंची दाढ अजून तोंडातच हाय.