यदुल्लाचा नकार

सरबाग गावात ‘नको’ या शब्दाला तिसऱ्या खेपेपर्यंत काही किंमत नव्हती. पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणे ती रीत, दुसऱ्यांदा म्हणे ते वळण, आणि तिसऱ्यांदाही म्हणालाच तर यजमान त्याच्या हातात पेला कोंबून म्हणे, “आता तआरोफ पुरे, भीड सोडा, घ्या!” या आग्रहापायी गावातले निम्मे लोक भूक नसताना जेवत आणि उरलेले भूक असताना उपाशी उठत. अशा सुसंस्कृत गावात उस्ता यदुल्लाने पन्नाशी उलटल्यावर अफू सोडली. सोडणं जमलं. अंग मोडून आलं, नाक गळलं, झोप उडाली, पण जमलं. त्यानंतर त्याच्या लक्षात आलं की आता उरलेलं सगळं आयुष्य लोकांना ‘नको’ म्हणत काढायचंय, आणि ते या गावात शक्य नाही.

यदुल्ला कल्हईवाला. बाजाराच्या घुमटाखाली त्याची भट्टी होती. तिथे तो तांब्याच्या पातेल्यांना आणि पराती-घंगाळांना कल्हई करी. दिवसभर भट्टीपुढे वाकून पाठीचं धनुष्य होई. मग संध्याकाळी घरी येऊन, पाठ सरळ व्हावी म्हणून, तो पुन्हा निखाऱ्यांपुढेच बसे. तिथे शेगडी असे, चिमटा असे आणि अफूची नळी. निखारे फुलवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. लग्न असो, मयत असो, पुरुषांच्या खोलीत शेगडी मांडायला यदुल्लालाच बोलावणं येई आणि मांडणाऱ्याचा पहिला झुरका हा मान असे. अशी वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांत त्याला कोणी व्यसनी म्हटलं नाही. “दिलदार माणूस,” म्हणत. त्याची बायको तूबा हिने माहेराहून आणलेली तांब्याची भांडी एकेक करून घरातून नाहीशी झाली, तेव्हा म्हणाले, “हात जरा सैल आहे.”

मग एके दिवशी दुकानात एक मोठं पातेलं कल्हईला आलं. कुण्या शिक्षिकेने जुन्या बाजारात घेतलेलं. यदुल्लाने ते घासलं, तापवलं, कथिल फिरवलं आणि पुसायला उलटं केलं, तर कडेला तूबाच्या बापाने ठोकून घेतलेला मोराचा ठसा. आपल्याच बायकोचं पातेलं त्याने परक्यासाठी चकचकीत करून दिलं आणि मजुरीही घेतली. कल्हई झकास बसली होती. दुकान बंद करून तो बराच वेळ भिंतीला टेकून रडला. रडणं थांबल्यावर तो बर्फाच्या जुन्या कारखान्यामागे गेला. तिथे अफू सोडणारी माणसं जमत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिथली रीत साधी होती. ज्याला बोलायचंय त्याने उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, “मी अमका. मी व्यसनी आहे.” की बाकी सगळे एका सुरात म्हणत, “सलाम, अमका!” यदुल्लाला त्यांनी एक वाटाड्या नेमून दिला. जलील त्याचं नाव, जुना ट्रकवाला. आयुष्यभर बंदरापर्यंत माल आणि नळी दोन्ही ओढत गेलेला.

“निखाऱ्यांपासून लांब राहायचं,” जलीलने पहिल्याच दिवशी बजावलं.

“माझं पोट निखाऱ्यावर चालतं,” यदुल्ला म्हणाला.

जलीलने विचार केला. “मग तोंड फिरवून फुंकत जा.”

यदुल्ला अफू ओढत होता तोवर इज्जतदार होता. सोडली आणि व्यसनी झाला. नानवा, म्हणजे आपला रोटीवाला, हळहळून म्हणाला, “चांगला माणूस होता हो, कुठल्या नादाला लागला!” तूबाची बहीण समाचाराला सूप घेऊन आली. वीस वर्षांत ती एकदाही आली नव्हती. या लोकांचं काय करावं ते परवरदिगारालाच माहीत. तूबाने मात्र पितळी शेगडी उचलली, राख काढून तिच्यात माती भरली आणि सब्जा लावला. जेवताना रोटीबरोबर ताजी पानं खुडायला बरी पडत.

असं दीड-दोन वर्षं चाललं, आणि मग फर्खंदेचं जमायची वेळ आली. फर्खंदे त्यांची एकुलती एक लेक. पिस्त्याच्या शेडमध्ये उघड्या तोंडाचे आणि बंद पिस्ते वेगळे निवडायला जायची. तिथल्या काट्यावर बहमन नावाचा मुलगा बसे. तिने आईला सरळ सांगितलं, “करीन तर त्याच्याशी. त्याच्याशिवाय मला कुणी नको.” हे ‘नको’ पहिल्याच खेपेला खरं होतं.

मुलाचं घर बागांचं. घरात शब्द चाले तो बहमनच्या आजोबांचा, हाजी नौरोजअलींचा. बहमनचा बाप माशाल्ला हा घुमा माणूस. दर मंगळवारी दातांसाठी केरमानला जाई आणि बाकीचे दिवस गप्प बसे. तूबाला ते आवडलं. “दातांची इतकी निगा राखणारं घर वाईट नसणार,” ती म्हणाली. दोन वर्षं मंगळवार चुकवला नव्हता त्याने. दात होते तसेच होते.

मागणी घालायला मंडळी यायची ठरली, तेव्हा तूबाने नवऱ्याला समोर बसवलं.

“अहो, एक ऐका. हाजी पक्का शेगडीवाला आहे. तो आग्रह करणार. तुम्ही पोट बिघडलंय म्हणा, कोळसा संपलाय म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण तो एक शब्द काढायचा नाही.”

“कुठला?”

“उभं राहून म्हणता तो. व्यसन्याची पोरगी तो घरात घेईल का? तुमच्यापायी हे मोडलं ना, तर पोर तुमचं तोंड बघणार नाही. मीही नाही.”

“बरं,” यदुल्ला म्हणाला.

जलीलला त्याने हे सांगितलं. जलीलने खजुराची ताटली पुढे केली.

“घे.”

“नको.”

“घे रे.”

“नको, खरंच.”

“माझी शपथ.”

यदुल्लाने खजूर घेतला.

“बघ,” जलील म्हणाला.

“हा खजूर आहे, जलील.”

“ती पण अशीच ताटलीत घालून पुढे करतात, बाबा.” यदुल्लाने बी नीट पुसून ताटलीत ठेवली.

मंडळी आली. फुलं आली, मिठाई आली. हाजी नौरोजअली वरच्या बाजूला तक्क्याला टेकून बसले, माशाल्ला दाराशी, आणि बहमन गालिच्याची नक्षी मोजत. फर्खंदेने चहा आणला. पेले ताटलीत खुळखुळत होते, पण सांडलं नाही. हवापाण्याच्या आणि पिस्त्याच्या गोष्टी झाल्या. मग हाजींनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली नळी काढली.

“यदुल्ला, सगळं छान आहे. शेगडी कुठंय? माझा भाऊ गेला, त्याच्या चाळिसाव्याला तू मांडली होतीस. तसे निखारे परत बघितले नाहीत मी.”

“हाजी, घरात कोळसा नाही.”

“गाडीत आहे. बहमन, आण बाळा.”

बहमन आनंदाने उठला. बाहेर जायला कारण मिळालं होतं.

“माझं पोट बरं नाही, हाजी.”

“पोटालाच तर चांगली.”

“नको, हाजी. मनापासून नको.”

हाजी खूश होऊन हसले. एवढा वळणदार व्याही त्यांना बघायला मिळाला नव्हता. “आता तआरोफ पुरे! आपण एक घर होणार. मांडणाऱ्याचा पहिला झुरका, मग पोरांची बोलणी. घेतला नाहीस तर मी समजेन, आमचा मुलगा तुला पसंत नाही.”

फर्खंदे पडद्यामागे होती; तिची चप्पल पडद्याखालून दिसत होती. यदुल्लाने तूबाकडे पाहिलं. तूबा उठली.

“शेगडी अंगणात आहे, हाजी,” ती म्हणाली. “जरा भाजी लावली होती तिच्यात. मी रिकामी करून आणते.”

उघड्या दारातून यदुल्लाला सगळं दिसत होतं. तूबा अंगणात शेगडीपुढे खाली बसली. बहमन कोळशाची पिशवी घेऊन शेजारी उभा राहिला. तिने सब्ज्याचा झुबका मुळाशी धरला आणि तशीच थांबली. उपटेना आणि सोडेनाही. तिचे खांदे हलत होते. एवढ्या वर्षांत तिने काय काय गिळलं होतं ते यदुल्लाला ठाऊक होतं, आणि आता लेकीसाठी ती हेही गिळणार होती. त्याच्या तोंडाला, मेल्या तोंडाला, कोळशाची पिशवी बघून पाणी सुटलं होतं. त्याला स्वतःची भयंकर भीती वाटली.

“तूबा, राहू दे!” तो ओरडला.

मग तो उभा राहिला. चौथ्यांदा ‘नको’ म्हणून उपयोग नव्हता. पाचव्यांदाही नसता झाला. त्याने छातीवर हात ठेवला.

“मी यदुल्ला,” तो म्हणाला. “मी व्यसनी आहे.”

“सलाम, यदुल्ला!” माशाल्ला म्हणाला.

खणखणीत म्हणाला. त्या घुम्या माणसाचा एवढा मोठा आवाज त्याच्या घरच्यांनीही ऐकला नव्हता. बोलून गेल्यावर त्याने तोंड मिटलं, पण आता मिटून काय होणार होतं?

हाजी सावकाश मुलाकडे वळले.

“दर मंगळवारी?” त्यांनी विचारलं.

“हो, बाबा.”

“आणि दात?”

“दात चांगले आहेत, बाबा. पहिल्यापासून.”

हाजी नळीकडे बघत राहिले. त्यांचा राग वर चढताना दिसला, मानेवरून कानापर्यंत. मग त्यांनी मुलाकडे पुन्हा एकदा पाहिलं, अगदी निरखून. दोन वर्षांत पाहिलं नव्हतं तसं. माशाल्लाच्या गालांवर मांस आलं होतं, डोळे निवळले होते. रोज समोर जेवायला बसणाऱ्या बापाला ते आज दिसलं.

“मला नाही सांगितलंस,” हाजी म्हणाले.

“तुम्ही आग्रह केला असता, बाबा.”

हाजींनी रुमाल पसरला, नळी त्यात गुंडाळली आणि खिशात घातली.

तूबा दारात आली होती. हात मातीने भरलेले. तिने ते पदरासारख्या ओढलेल्या चादरीला पुसले, कोनाड्यातली खजूर भरलेल्या कुलूंपा बिस्किटांची ताटली उचलली आणि हाजींपुढे धरली. मुलाच्या वडीलधाऱ्याने गोड खाल्लं की मुलगी मागितली, असं तिथे समजतात. खाल्लं नाही की नमस्कार करून उठतात.

“घ्या, हाजी.”

“नको,” हाजी म्हणाले.

“घ्या ना.”

“नको.”

पडद्याखालची चप्पल हलली. अंगणात बहमन कोळशाची पिशवी छातीशी धरून उभा होता आणि त्याचा पांढरा सदरा पार काळा झाला होता. यदुल्ला अजून उभाच होता. खाली बसायचं त्याला सुचलं नव्हतं. तूबाने ताटली थोडी आणखी पुढे केली.

हाजींनी एक कुलूंपा उचलला, अर्धा मोडून मुलाच्या हातात दिला आणि उरलेला स्वतःच्या तोंडात टाकला.

“चहा गार झालाय,” ते चावता चावता म्हणाले. “सुनेला सांगा, दुसरा आण.”