टिल्लीच्या वाढदिवसाचा हत्ती

एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही. लहानपणी जेवतानासुद्धा दोन घासांच्या मध्ये उठून खिडकीशी जाऊन यायची, म्हणून थोरल्या बहिणीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायमचं चिकटलं. गंमत अशी, की नोकरी मिळाली ती नेमकी बसून करायची. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाला आणायच्या आणि बसवायच्या. तिथे मात्र तिचा हात कधी हलला नाही. सहा वर्षांत एकही काच वाया गेली नव्हती. दुकानाचे मालक म्हणायचे, "हिची सगळी स्थिरता इथेच खर्च होते. घरी न्यायला उरणार काय?"

थोरली, म्हणजे ताई, अगदी उलट. एकदा ठरवलं की ठरवलं. ती मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. पुढच्या शिक्षणासाठी दहा महिने दूरच्या शहरात जायची संधी आली तेव्हा तिची मुलगी टिल्ली चौदा महिन्यांची होती. नवरा बस चालवायचा. त्याची पाळी आज पहाटेची तर उद्या दुपारची. ताईने धाकटीला समोर बसवून सरळ विचारलं, "दहा महिने माझ्या घरी राहशील?" भिंगरी तेवढ्या बोलण्यात दोनदा उठली, पण तिसऱ्यांदा बसली तेव्हा "हो" म्हणाली. आपल्या भाड्याच्या खोलीला कुलूप लावून ती एका बॅगेनिशी बहिणीच्या घरी आली.

दिवसा टिल्ली पाळणाघरात, भिंगरी दुकानात. प्रश्न संध्याकाळचा होता. पोरगी खेळात रमली की भिंगरी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायची. ताईच्या स्वयंपाकघरात एक ओव्हन होता, लग्नात भेट आलेला. पाच वर्षं त्याच्या पोटात पातेल्यांची झाकणं नांदत होती. एका संध्याकाळी तिने ती बाहेर काढली, ओव्हन पुसला आणि केक करायला घेतला. पहिला वरून करपला आणि आतून कच्चा राहिला. दुसरा मधोमध खचला. तिसराही खचला, कारण दर दोन मिनिटांनी दार उघडून ती आत डोकवायची.

"अगं, त्याला जरा एकटं सोड," भाऊजी म्हणाले. "लाजतोय तो."

पण सोडायचं म्हणजे जायचं कुठे? त्यावर उपाय टिल्लीनेच काढला. न्हाणीघरात कपडे धुण्याचं मशीन होतं, पुढे गोल काचेचं दार असलेलं. टिल्लीला त्याचं वेड. आपलं बुटकं स्टूल ओढत न्यायची, काचेला नाक लावायची आणि "शीन! शीन!" म्हणत बसायची. कपडे इकडून तिकडे आपटले की खिदळायची, फेस आला की टाळ्या पिटायची. भिंगरीने एकदा केक आत टाकला आणि तिच्याबरोबर जाऊन बसली. धुणं संपेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, तेवढ्यात केकही झाला. सुरी घालून बघितली तर स्वच्छ बाहेर आली. तेव्हापासून केक आणि धुणं एकाच वेळी लागायला लागलं. घरात इतके स्वच्छ कपडे आधी कधीच नव्हते, असं भाऊजी सगळ्यांना सांगत फिरले.

ताईचा फोन रोज साडेसातला यायचा. टिल्ली पडद्यावरच्या आईला हात लावायची, बिस्किट भरवायला जायची. पण पुढेपुढे भिंगरीच्या एक गोष्ट लक्षात आली. फोन नुसता टेबलावर पडलेला असला, तरी टिल्ली त्याच्याकडे बोट दाखवून "आई" म्हणायची. भाऊजींचा फोन दिसला की "बाबाची आई." हे ताईला सांगावं असं भिंगरीला वाटलं नाही. सांगून काय करणार होती ती बिचारी?

वाढदिवसाला दोन महिने होते तेव्हा ताईने फोनवर जाहीर केलं, "आदल्या दिवशी सकाळी मी पोचते. आणि वाढदिवस जंगलाचा करायचा. सिंह, वाघ, हत्ती! आठवतं ना, मी निघाले तेव्हा ती हत्तीच्या चित्राला सोडत नव्हती? केक हत्तीचा कर हं."

"करते," भिंगरी म्हणाली आणि फोन भाऊजींच्या हातात देऊन पाणी प्यायला गेली. तहान लागलेली नव्हती.

झालं होतं असं, की त्याच आठवड्यात ती टिल्लीला घेऊन खेळण्यांच्या दुकानावरून जात होती. दारात विजेवर चालणारा एक सिंह ठेवलेला. टिल्ली जवळ गेली आणि त्याने जबडा उघडून डरकाळी फोडली. पोरीचा श्वासच अडकला. रडू फुटायलाही वेळ लागला. त्यानंतर वाघ-सिंह तर सोडाच, हत्तीसुद्धा नजरेसमोर नको. प्राण्यांचं पुस्तक दिसलं की ती ते पालथं घालायची आणि वर बसायची, आतून कोणी बाहेर येऊ नये म्हणून.

उद्या सांगू, असं भिंगरीने ठरवलं. उद्या ताईची परीक्षा होती. परवा दुसरा पेपर. मग ताईकडून खोकं आलं. कागदी झाडं, वेलींच्या माळा आणि मुलांसाठी मुखवटे. प्रत्येकावर ताईने स्वतः बसून रंग दिला होता, अभ्यासातून वेळ काढून. आता कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक विचार होता. समोरच्या दाराने तो कधी आला नाही, पण मागच्या दाराने रोज यायचा. ताईला जरा दिसू दे, पोरगी कोणाला कळते ते.

शेवटच्या आठवड्यात भिंगरीच्या जिवाला चैन नव्हती. हत्तीचा नमुना तिने दोनदा करून बघितला. एक गोल केक धडासाठी, एक छोटा डोक्यासाठी, तिसऱ्याच्या पट्ट्या कापून सोंड आणि पाय. लोण्याच्या क्रीममध्ये काळा रंग कालवला तर राखाडी होण्याऐवजी निळसर झाला. सोंड दोनदा गळून पडली. भाऊजींनी मान तिरकी करून पाहिलं.

"हत्ती आहे की इस्त्री?"

ती हसली नाही. एरवी पोट धरून हसली असती.

"काही झालंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. रंग जमत नाहीये." आणि तिने स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

शुक्रवारी दुकानात तिच्या हातून काच उडाली. जाड भिंगाची, खास मागवलेली. कड घासताना टवका निघाला आणि पार मध्यापर्यंत तडा गेला. मालक रागावले नाहीत. नुसते बघत राहिले, आणि ते तिला जास्त लागलं. आज फोनवर सांगायचंच, असं मनाशी घोकत ती घरी आली. साडेसातला ताईचा चेहरा पडद्यावर आला. मागे भरलेली बॅग दिसत होती. "उद्या या वेळी मी तिच्याजवळ असेन," ताई म्हणाली आणि डोळे पुसू लागली. भिंगरीने टिल्लीला फोनपुढे बसवलं आणि कणीक मळायला गेली.

शनिवारी सकाळी ताई आली. दारातच गुडघ्यावर बसली, हात पसरले. टिल्लीने तिच्याकडे निरखून पाहिलं, मग धावत जाऊन टेबलावरचा फोन आणला आणि तो ताईच्या पुढे धरून म्हणाली, "आई."

ताई आधी हसली. मग तिला अर्थ कळला. तिने फोन हळूच बाजूला ठेवला आणि म्हणाली, "हो गं. तिथून बाहेर आले मी." दिवसभर ती पोरीमागे फिरली. टिल्ली तिच्याकडून बिस्किट घ्यायची, पण खायला भिंगरीच्या मांडीवर येऊन बसायची.

रविवारी चार वाजता पाळणाघरातली पाच मुलं आणि त्यांचे आईबाबा आले. बैठकीच्या खोलीत कागदी झाडं उभी होती, दिव्याला वेली लटकत होत्या. सकाळपासून टिल्ली त्या खोलीत यायला तयार नव्हती. "नवीन आहे म्हणून," ताई म्हणाली, आणि भिंगरी सुटलेली वेल बांधायला स्टूलवर चढली. हत्ती टेबलावर होता. या वेळी सोंड टिकली होती, आत काडी घातली होती ना. मुलांनी मुखवटे चढवले. भाऊजी टिल्लीला कडेवर घेऊन आत आले, आणि त्याच वेळी ताई स्वयंपाकघरातून सिंहाचा मुखवटा लावून उडी मारत पुढे आली.

"डुर्रर्र!"

टिल्लीची किंकाळी अशी होती की बाकीच्या मुलांपैकी दोघांनीही भोकाड पसरलं. ती भाऊजींच्या हातातून निसटली आणि जीव घेऊन भिंगरीकडे धावली. "माऊ! माऊ!" मावशी म्हणता येत नसे म्हणून माऊ. भिंगरीच्या पायांना तिने अशी मिठी मारली की नखं रुतली. ताईने मुखवटा काढला. "अगं, मी आहे, आई!" म्हणत हात पुढे केला, तर पोरीने तो हात मारून दूर केला.

भिंगरीने ताईचा चेहरा पाहिला. दोन महिने मनाच्या मागच्या दाराने जे मागितलं होतं, ते हे होतं. ते आता समोर उभं होतं आणि तिला त्यातलं काहीही नको होतं.

ती टिल्लीला घेऊन न्हाणीघरात गेली. स्टूलवर बसवलं, पाठ थोपटली. मागोमाग ताई आली, हातात मुखवटा तसाच.

"ताई, मला माहीत होतं."

"काय?"

"ती प्राण्यांना घाबरते ते. दोन महिने झाले." आणि तिने खेळण्यांच्या दुकानाची गोष्ट सांगितली.

"मग बोलली का नाहीस? माझी परीक्षा होती म्हणून?"

हो म्हणणं फार सोपं होतं. भिंगरीने दाराची कडी खाली-वर केली. "आधी म्हणून. नंतर नाही. नंतर वाटलं, तुला कळू दे. तुला माहीत नाही आणि मला माहीत आहे, हे."

ताईने मुखवटा मशीनवर नीट पालथा ठेवला आणि ताठ उभी राहिली. ऑपरेशनच्या खोलीत ती अशीच उभी राहत असेल, भिंगरीच्या मनात आलं.

"तू बाहेर जा," ताई शेवटी म्हणाली. "केक काप. लोक थांबलेत."

भिंगरीने हत्ती कापला. सोंड कोणाला यावरून मुलांत मारामारी झाली, म्हणून तिने सोंडेचे पाच तुकडे केले. आतून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. ताट घेऊन ती दाराशी गेली तेव्हा तिला दिसलं, की ताई फरशीवर बसली होती, प्रवासाची बॅग उघडी होती. ताईला पुढचं बटण दाबायचं होतं, पण टिल्ली तिचा हात ढकलून स्वतः दाबत होती. दोघींमध्ये एक हात अंतर होतं. भिंगरी ताट दारात ठेवून मागे फिरली.

पाहुणे गेले. माळा उतरवताना भाऊजी हळूच म्हणाले, "हत्ती चवीला छान होता." तिने मान हलवली.

पुढचे तीन दिवस बहिणी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी ताईने वही आणली. "सांग सगळं. काय खाते, कशाला घाबरते, कुठल्या शब्दाचा काय अर्थ." भिंगरी सांगत गेली, ताई लिहीत गेली. पानं भरली. वही मिटून ताई म्हणाली, "तू इथे आहेस तोवर ती माझ्याकडे वळणार नाही. राग म्हणून नाही सांगत." थोडं थांबून, "राग आहे. पण म्हणून नाही सांगत."

भिंगरी त्याच संध्याकाळी बॅग घेऊन आपल्या खोलीवर गेली. खोलीत ओव्हन नव्हता, मशीन नव्हतं. साडेसात वाजले की ती जिन्याच्या पायऱ्या उतरायची आणि चढायची. ताईशी ठरल्याप्रमाणे पहिले तीन रविवार ती गेलीच नाही. चौथ्या रविवारी गेली, तर टिल्ली तिच्या गळ्यात पडली आणि निघताना रडली. सातव्या रविवारी खुर्चीवरून पडून गुडघा फुटला तेव्हा मात्र ती भिंगरीला ओलांडून ताईकडे धावली. भिंगरी जागीच उभी राहिली, मग औषधाची डबी आणायला आत गेली. ताईने डबी घेताना तिच्या हातावर क्षणभर हात ठेवला.

असं वर्ष सरत आलं. एका दुपारी दुकानात ताईचा फोन आला.

"ऐक. तिला विचारलं, या वाढदिवसाला कसला केक हवा, तर म्हणते लिफ्ट."

"लिफ्ट?"

"दवाखान्यातली. दोनदा नेलं होतं मी. तेव्हापासून घरातलं प्रत्येक कपाट लिफ्ट आहे."

भिंगरीला हे माहीत नव्हतं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"दार सरकतं हवं की नुसतं कापलेलं चालेल?" तिने विचारलं.

"ते तिलाच विचार," ताई म्हणाली. "हे घे, देते."