देवी निघालेला गिअर

पुंजाजीचं बूड एका जागी टिकतच नोतं. कापसाच्या जिनातली मशीन चालू असली का हा फिटर भिंगरीवानी फिरे. बंद असली का आणखीनच. त्या दसऱ्याले, एकाहत्तर-बाहात्तरची गोष्ट, सरकी काढाची मशीन मुहूर्ताले चालू व्हायची होती. मशीनीच्या तोंडाशी कापूस टाकाले बसली होती त्याचीच बायको, पंचफुला.

नवा गिअर त्यानंच घडवलता. पोलाद लाल करून तेलात बुडवलं, मंग एकेका दात्याची मुळी गोल हातोडीनं ठोकू ठोकू दाबली. ठोकलं का पोलादाचं वरचं कातडं आवळून बसते, चीर धरू देत नाही. दिसाले मात्र खडबडीत.

"अबे, तुह्या गिअरले देवी निघाल्या काय?" इंजनवाला दौलतराव हसला होता. दोघं जिगरी. पूजेले हत्यार चकचकीत पायजे म्हणून दौलतरावनं सकाळी तो गिअर सानेच्या फिरत्या चाकावर पाण्याबिगर कोरडाच धरला, आरशावानी केला, अन् बसवूनबी टाकला. पुंजाजी नारळ आणाले गेलता.

आला तं हळदीकुंकवाखाली दात्याच्या मुळीले निळी झाक.

"हे निळं काहून?"

"तापला असन जरासा. चमकते पाय कसा!"

"तापला म्हंजे ढिला पडला ना बे! आतून तडकला असन तं?"

मालक बबनराव वरडले, "मुहूर्त चालला! इंजन फिरवा!"

पुंजाजीनं दात्यावर घासलेट वतलं, फडक्यानं कोरडं पुसलं, गठाणीवर आकडे माराचा खडू वरून घासला. अन् लागला फेऱ्या माराले.

"बसा ना जी," पंचफुला म्हणे, "तुमाले पाहून मले चक्कर येऊन राह्यली."

"तू उठ पयले तिथून."

"कायले?"

"उठ म्हणतो ना!"

एका दात्यावर, चिरेत मुरलेल्या घासलेटाची ओली रेघ पांढऱ्या खडूतून वर आली. केसावानी बारीक, मुळीच्या एका आंगापासून दुसऱ्या आंगापर्यंत. दाता उडला असता तं बंदुकीच्या गोळीवानी, नीट पंचफुलाच्या छातीवर.

"येवढ्याशा रेघेपाई मुहूर्त मोडू?" मालक म्हणाले. "दौलत, फिरव."

दौलतरावनं रेघ पायली. मंग वहिनीकडं पायलं. तोंडातलं पान थुकलं, इंजनाचं हँडल काढलं, बुडाखाली घेतलं अन् फतकल मारून बसला.

"म्या घासला तो, मालक. शिव्या मले द्या. पण इंजन आज फिरत नाही."

मालकानं दिल्याबी, पोटभर. पुंजाजीले त्या आयकाले टाइम नोता. तो कवाचाच पाना घेऊन मशीनीखाली घुसलता, गिअरचे नट ढिले करून राह्यलता.